टपावरचा पाळणा

१

टपावर सामान बांधण्याचे माझे नियम आहेत आणि ते मी सख्ख्या नवऱ्यालाही मोडू देत नाही. अमरावतीत सोळा वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. निम्म्या शहराला क्लच मी शिकवला आहे. उरलेलं निम्मं शहर तो कुठेच शिकलेलं नाही, हे राजकमल चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की कुणालाही कळेल.

माझी गाडी क्रॉसओव्हर आहे. ऐट जीपची आणि जीव साध्या कारचा. लोक तिची उंची पाहून फसतात. गाडीच्या पुस्तकात टपाची मर्यादा पन्नास किलो लिहिलेली आहे, तीही आडव्या दांड्यांसकट. पण आपल्याकडे ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात नवं कोरं राहतं आणि टपावर सोफा चढतो. मग वळणावर गाडी कलंडली की रस्त्याला शिव्या! वजन वर गेलं की गाडीचं डोकं जड होतं आणि जड डोक्याने माणसानेही जोरात पळू नये. म्हणून ऐंशीच्या वर जायचं नाही, दहा किलोमीटरवर थांबून पट्टे तपासायचे, पट्ट्याला एक पीळ द्यायचा म्हणजे तो वाऱ्यात कुंईकुंई करत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, टपावर सुटी वस्तू ठेवायची नाही. एकही नाही.

गेल्या डिसेंबरातल्या त्या सकाळी टपावर पाळणा होता. आमच्या घरचा, सागवानी, चोवीस किलोंचा. साखळ्या काढून डिक्कीत ठेवल्या होत्या. खाली जुनी गोधडी, वरून निळी ताडपत्री आणि तीन पट्टे. अकोल्याला, जुन्या शहरात, माझ्या धाकट्या भावाच्या, कुंदनच्या मुलीचं बारसं होतं. साडेबाराची वेळ होती. आत्या मी. नाव मीच ठेवणार होते आणि पाठीत धपाटेही मीच खाणार होते.

हा पाळणा तीन वर्षांपूर्वीच अकोल्याला जायचा होता. तेव्हा रागिणीला, म्हणजे कुंदनच्या बायकोला, मुलगा झाला होता. मी पाळण्याला पॉलिश करून घेतलं, हेच पट्टे विकत आणले आणि मनाशी नावही ठरवून ठेवलं. नवव्या दिवशी बाळ गेलं. बारसं बाराव्या दिवशी असतं, त्यामुळे त्याला नाव मिळालं नाही. पाळणा माझ्या गॅरेजमध्ये चादरीखाली पडून राहिला आणि रागिणी दोन वर्षं कुणाच्या बारशाला गेली नाही. आता तिच्या घरी पुन्हा पाळणा हलणार होता. आज काहीही वाकडं होता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

२

आई महिनाभरापासून अकोल्यालाच होती. सकाळपासून तिचे चार फोन झाले होते आणि चारही वरवंट्यासाठी.

"रूपा, पाळना रिकामा आनू नको बरं. वरवंट्याले कुंची घाल अन् आत निजव."

"हो वो आई."

"हो वो नको करू. रिकामा पाळना रस्त्यानं नेत नसतात."

आमच्याकडे ही रीत आहे. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात, मग बाळ. आणि पाळणा एका घरातून दुसऱ्या घरी न्यायचा तरी वरवंटा आत असतो. माझ्या नवऱ्याने, मनोजने, तो मोठ्या हौसेने सजवला होता. कुंची बांधून वर काजळाची तीटही लावली होती. हा माणूस शाळेत गणित शिकवतो.

मी वरवंटा पाळण्यातून उचलून डिक्कीत ठेवला.

"अवं, काहून काढला?" मनोज म्हणाला.

"तीन किलोंचा गोटा हाय. ऐंशीच्या स्पीडमंदी ब्रेक मारला तं पाळना जागीच राहीन अन् हा ताडपत्री फाडून समोरच्याच्या काचेत जाईन. मंग बारसं राहीन बाजूले अन् तेरवी कराची वेळ येईन."

"आई इचारतीन ना."

"सांगा, घातला म्हनून."

आईचा पाचवा फोन आलाच. "घातला?"

"घातला," मी म्हणाले. नियम माझा बरोबरच होता. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

३

बडनेरा मागे पडलं. दहा किलोमीटरवर थांबून मी पट्टे ओढून पाहिले. तिन्ही घट्ट होते. ऊन कोवळं होतं, कापसाने भरलेले ट्रक झुलत चालले होते. मनोज वरूडची संत्री सोलून एक फोड मला आणि दोन स्वतःला या हिशेबाने खात होता. मी फार खुशीत होते. रस्ता मोकळा, गाडी गुणी आणि घरी बारसं, याहून माणसाला काय पाहिजे?

मूर्तिजापूरच्या दहाएक किलोमीटर अलीकडे स्टिअरिंग मला काहीतरी सांगू लागलं.

शिकवणाऱ्याचे हात कानांपेक्षा तिखट असतात. गाडी झुलत होती. जोरात नाही, अगदी हळू. उजवीकडे कलली, सरळ झाली, डावीकडे कलली. वारा म्हणावं तर बाजूच्या तुरीचं पान हलत नव्हतं. मी गाडी कडेला घेतली. चारही चाकांत हवा बरोबर. पट्टे घट्ट. पाळण्याला धक्का देऊन पाहिला, तो तसूभर हलला नाही. टपाशी तो एकजीव झाला होता.

पुन्हा निघाले. अर्ध्या किलोमीटरवर झुलणं सुरू झालं. मी मनात मोजू लागले. एक, दोन, तीन, उजवीकडे. एक, दोन, तीन, डावीकडे. मी साठवर आले, तरी तीनच. पन्नासवर आले, तरी तीनच. वेग बदलला की गाडीचा झोल बदलतो, हे मी पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. हा बदलत नव्हता.

"तुमाले गाडी हालल्यासारखी वाटून राहिली का?" मी विचारलं.

मी मनोजकडे पाहिलं. तो झोपला होता. लग्नाला वीस वर्षं झाली, पण हा माणूस माझ्या शेजारी गाडीत कधी झोपलेला नाही. वरची दांडी धरून तो माझ्यापेक्षा जास्त ब्रेक मारतो. आज हातात संत्र्याची फोड तशीच धरून तो तोंड उघडं टाकून झोपला होता आणि झोपेत हसत होता.

मलाही हसू येत होतं. कशाचं ते कळत नव्हतं. पोटातून उकळ्या फुटाव्यात तसा आनंद येत होता आणि त्याचं कारण मला सापडत नव्हतं. बारशाचा आनंद मला ठाऊक होता. तो सकाळपासून माझाच होता. हा दुसऱ्या कुणाचा तरी होता. मग मात्र मला भीती वाटली.

४

मूर्तिजापूरच्या बाहेर रस्त्याकडेला एक धर्मकाटा आहे. कापसाच्या गाड्या तिथे वजन करून घेतात. मी गाडी तिकडे वळवली. शंका आली की मोजून बघावं, हा माझा स्वभाव आहे. ताडपत्रीखाली पाणी साचलं असेल, गोधडी भिजली असेल, काही का असेना, आकडा कळला की डोकं थंड होतं.

काट्यावर देवमन नावाचा एक पोक्त माणूस होता. कारचं वजन करायचं म्हटल्यावर तो माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "बिघडली काय, मॅडम?"

"कोन? गाडी का मी?"

तो हसला. "चढवा वर. मानसं उतरा खाली."

मी मनोजला उठवून उतरवलं. गाडीचं पुस्तकातलं वजन, पेट्रोल, डिक्की आणि टप धरून माझा हिशेब अकराशे सत्तर किलोंचा होता. तो काटा दहा-दहा किलोंनी मोजतो. खोलीतल्या डब्यावर लाल आकडे आले, ११७०.

"बरोबर!" मी म्हणाले. जीव भांड्यात पडला.

"थांबा," देवमन म्हणाला. "आकडा ठरून नाही राहिला."

११७०. मग ११८०. मग ११७०. मी न ठरवताच मोजायला लागले. एक, दोन, तीन. ११८०. एक, दोन, तीन. ११७०.

देवमनने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. काट्याच्या कडा पाहून आला. कुठे दगड अडकला नव्हता. मागे कापसाचा ट्रक उभा होता. त्याने मला गाडी उतरवायला लावली आणि ट्रक चढवला. ट्रकचा आकडा चटकन ठरला आणि खांबासारखा उभा राहिला. मग पुन्हा माझी गाडी. पुन्हा तेच.

"गाडीत जनावर हाय काय?" त्याने विचारलं. "बकरी असली, कोंबड्या असल्या, तं काटा असा नाचते. जीव असला का तो हालतेच ना. मेलं वजन नाही नाचत."

"टपावर पाळना हाय," मनोज म्हणाला. "रिकामा."

देवमनने गाडीकडे पाहिलं, मग आकड्यांकडे. पावती फाडली नाही. माझ्याकडून पैसेही घेतले नाहीत. "जा हळूहळू," एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून ट्रकवाल्याशी बोलायला लागला.

५

पुढे एका बाभळीच्या सावलीत मी गाडी थांबवली आणि आईला फोन लावला.

"आई, रिकामा पाळना नेला तं काय होते वो?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "तू तं घातला म्हने ना वरवंटा?"

"घातला वो. आपलं असंच इचारलं."

"रिकामी जागा पाह्यली का येते कोनी अन् निजते. मंग ते उठत नाही. पोटच्या लेकराले जागा भेटत नाही पाळन्यात. आमच्या आजीनं सांगतलं होतं. लवकर ये, बाई, बाया जमून राहिल्या."

मी फोन ठेवला. डिक्की उघडून वरवंटा घेतला आणि दाराच्या पायरीवर चढले. नियम मोडायचा होता, पण नियमापेक्षा रागिणीचं बाळ मोठं. मी एक पट्टा सैल केला, ताडपत्रीची कड उचलली आणि आत हात घातला.

पाळण्यातली गादी गार होती. डिसेंबरची सकाळ होती, ती गारच असणार. मी हात पुढे सरकवला. मधोमध ती गरम होती. वीतभर, दीड वीतभर, तेवढीच. ताडपत्रीवर ऊन पडत असतं तर गादी सगळीच तापली असती. आणि गाडी तर बाभळीच्या सावलीत होती. मी ती गरम जागा बोटांनी चाचपली. हाताला काहीच लागलं नाही. पण गादी तिथे दबलेली होती आणि माझी बोटं आपोआप हलकी झाली, तान्ह्याच्या टाळूवर होतात तशी.

वरवंटा माझ्या दुसऱ्या हातात होता. तो मला तिथे ठेवता आला नाही. ठेवायला जागा नव्हती.

मी ताडपत्री सारखी केली, पट्टा आवळला, मग त्याच्या कडीचा एक दात पुन्हा सैल केला. फार घट्ट नको, असं वाटलं. 

६

बोरगाव मंजूपासून अकोल्यापर्यंत मी चाळीसच्या वर गेले नाही. खड्डा दिसला की आधीच वेग कमी करत होते. गतिरोधकावर चाकं अशी चढवत होते की शिकाऊ पोरंही हसली असती. मागचे ट्रक हॉर्न देत होते. एक जण शेजारून जाताना ओरडला, "अवो काकू, वरात हाय काय?" मी खिडकीतून हात जोडले. एरवी मी त्याचा नंबर टिपून घेतला असता.

अकोल्यात शिरल्यावर मोर्णेच्या पुलाअलीकडे मी गाडी बाजूला घेतली. पलीकडे जुनं शहर. तिथून पाच मिनिटांवर ती बारा दिवसांची पोर होती. इथवर मी गाडी चालवली होती, आता मात्र पाय पुढे पडेना. मी मनोजला सगळं सांगितलं. झुलणं, आनंद, गरम गादी, आईचं बोलणं. सांगताना मला रडू यायला लागलं.

"अजून वेळ हाय," मी म्हणाले. "पाळना मोडला म्हनून सांगू. बाजारातून स्टीलचा घेऊ. याले वापस नेऊ. ते बाळाच्या जागेवर निजलं तं? रागिणीनं आता कुठं हसाले सुरुवात केली."

मनोजने टपाकडे पाहिलं, म्हणजे छताच्या कापडाकडे.

"वापस नेऊन कुठं ठेवतं?" तो म्हणाला. "गॅरेजमंदी? चादरीखाली?"

गॅरेजमधली ती चादर माझ्या डोळ्यांपुढे आली.

"हे पाह्य रूपा, मले यातलं काही समजत नाही. पन मी आज लय दिवसानं झोपलो. मले भेव नाही वाटलं. अन् बारशाले निंघालेल्या पाव्हन्याले आपन पुलावून वापस पाठवाचं? आपल्या घरी कधी असं झालं काय?"

मी डोळे पुसले. पहिला गियर टाकला. पुलावर गाडी झुलत झुलतच गेली.

७

कुंदनचा फुलांचा धंदा आहे. दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत त्याने शेवंती आणि झेंडू असा काही लावला होता, की शेजाऱ्यांच्या दाराचं तोरणही त्याचंच आणि खांबावरच्या मीटरलाही हार. कुंदन आणि मनोजने पाळणा उतरवला, साखळ्या लावल्या, स्टँडवर टांगला. बायकांनी घर भरलं होतं. घुगऱ्यांचं पातेलं येता-जाता हलकं होत होतं. रागिणी हिरव्या साडीत बाळाला घेऊन पाटावर बसली होती आणि आल्यागेल्याला हसून बोलत होती.

आईने वरवंटा मागितला. मी तो डिक्कीतून आणून दिला. "डिक्कीत?" ती म्हणाली. मी मान खाली घातली. ती मला चारचौघांत झापणार, अशी तयारी मी ठेवली होती. आईने वरवंटा पाळण्यावर नेला, गादीपासून चार बोटांवर तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग वरवंटा तिने स्वतःच्याच मांडीवर घेतला आणि बायकांना म्हणाली, "म्हना वो गानं. कोनाची वाट पाहून राहिल्या?"

गाणं सुरू झालं. आता बाळ आत ठेवायचं आणि मी कानात नाव सांगायचं. रागिणी उठली. मी तिला हाताने थांबवलं आणि पाळण्यात वाकले. तो माझ्या डोळ्यांना रिकामाच होता. तीन वर्षांपूर्वी ठरवलेलं नाव मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, मनोजलाही नाही. मी गादीजवळ तोंड नेलं, रीतीप्रमाणे कुर्र केलं आणि म्हणाले, "मल्हार."

बायका खो-खो हसायला लागल्या. "अवो आत्याबाई, पोरगी तं इकडं हाय! रिकाम्या पाळन्याले कोन नाव ठेवते?"

"सराव करून राहिली," मी म्हणाले. सगळ्या आणखी हसल्या. रागिणी हसली नाही. तिचं तोंड पांढरं पडलं आणि पाहता पाहता पुन्हा उजळलं. तिने बाळ माझ्या हातात दिलं.

मी ते मधोमध निजवलं.  पोर रडेल, आत उतरणारच नाही, काहीतरी होईल, असं वाटत होतं. पोर एक जांभई देऊन निजली. तिच्या कानात मी "शाल्मली" म्हटलं आणि माझ्या पाठीत असे धपाटे बसले की मारणाऱ्या बायकांच्याच बांगड्या फुटल्या. एका काकूने तर मागच्या बारशाचेही वसूल केले. मी रडत होते आणि हसत होते. बायकांना वाटलं, फार लागलं.

जेवणं झाली. दुपारी घर सुस्तावलं. मनोज ओसरीत घोरत होता. मी पाळण्याशी गेले.

शाल्मली मधोमध नव्हती. ती एका कडेला सरकून निजली होती, लाकडाला नीट चिकटून. बारा दिवसांचं मूल कूस वळत नाही, सरकणं तर दूर. मी तिला उचलून पुन्हा मधे ठेवलं, उशी सारखी केली. पाणी पिऊन आले तर ती पुन्हा कडेला होती. शांत झोपलेली, गाल गुलाबी, एक मूठ उघडी, रिकाम्या बाजूकडे टाकलेली. त्या बाजूची गादी दबलेली होती आणि पाळणा आपोआप हलत होता. मी मोजलं नाही.

मागे पाऊल वाजलं. रागिणी होती. तिने पाळण्यात पाहिलं. मला वाटलं, ती किंचाळेल, पोर उचलून पळेल, मला विचारेल की ताई, तुम्ही हे काय आणलंत माझ्या घरात.  पण ती आतल्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात आणखी एक दुपटं होतं, घडीचं, न वापरलेलं, तीन वर्षं डांबरगोळ्यांत ठेवलेलं.

ते तिने रिकाम्या बाजूवर पांघरलं आणि चारही कडा नीट खोचल्या.

"थंडी हाय ना, ताई," ती म्हणाली.